भोरड्यांच्या मुक्कामाला

बेल्याहून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये बयनाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक लुगडं, शाल, फडक्यात बांधलेल्या तिळाच्या पोळ्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्ड. कंडक्टरनं कार्ड पाहिलं, बायकांचं फुकट प्रवासाचं शून्य तिकीट काढून हातात दिलं आणि सहज विचारलं, "एवढ्या थंडीत कुठं, अम्मा?"

"जंगल पाहाले," बयनाबाई म्हणाल्या.

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. गावाबाहेर पडलं की कपाशीची पऱ्हाटी, पऱ्हाटी संपली की रान. ते पाहायला कोणी दोन बस बदलून जातं का? बयनाबाईंनाही ते सांगताना थोडं लाजल्यासारखं झालं होतं. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

बासष्ट वर्षांच्या बयनाबाई बेल्याजवळच्या एका खेड्यात एकट्या राहत. नवरा चंपतराव जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा जीवन मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कामाला लागला, तिथंच त्याचा संसार. नात सपना आदिलाबादच्या होस्टेलवर राहून कॉलेजात शिकत होती. चार एकर वावर शेजारच्या महिपतला बटईनं दिलेलं. तो चांगला माणूस होता, कापूस निघाला की हिस्सा दारात आणून देई. पण दारात आला तरी बसत नसे, त्याला घाई असे. सकाळी दूधवाल्याशी एक वाक्य, दुपारी दुकानात दोन, आठवड्यातून एकदा जीवनचा फोन. एखाद्या दिवशी संध्याकाळ होई आणि बयनाबाईंच्या लक्षात येई की आज आपण तोंडच उघडलेलं नाही.

एके काळी याच बाईचा आवाज पैनगंगेच्या काठापर्यंत जाई, हे आता गावातल्या पोरांना सांगूनही पटलं नसतं.

नऊ वर्षांच्या असताना बापानं त्यांना ज्वारीच्या वावरातल्या मचाणावर बसवलं. कणसात दाणा भरला की पाखरांच्या झुंडी उतरत. पोपट, चिमण्या आणि सगळ्यांत वाईट भोरड्या. अंगानं गुलाबी, डोक्यानं काळ्या, साळुंकीएवढ्या; एकदा का हजारभर भोरड्या वावरात बसल्या की कणसाची नुसती काडी उरे. गोफण सगळेच फिरवत. बयनाच्या हातात गोफणीपेक्षा गळ्यात जास्त जोर होता. पोटातून उठणारी लांब हाक ती अशी काही टाकी की दोन वावरं पलीकडची पाखरंही उठून जात. लग्न होऊन सासरी आल्यावर तिथंही हे कळायला वेळ लागला नाही. हंगामात लोक चंपतरावांकडं येऊन म्हणत, "तुमच्या घरच्यायले आमच्या वावराकडं तोंड करून बसाले सांगा." चंपतराव अबोल माणूस. ते नुसते हसत. नदीकाठी औत हाणत असले की जेवायच्या वेळेला बयनाबाई मचाणावरूनच त्यांना हाक देत आणि ते बैल सोडत.

मग कापूस आला. आधी बांधापर्यंत, मग बांध ओलांडून घराच्या भिंतीपर्यंत. ज्वारी कमी कमी होत गेली आणि एका वर्षी संपली. कापसाला राखण लागत नाही. मचाण मोडलं, लाकडं चुलीत गेली. भोरड्या यायच्या थांबल्या. त्यानंतर दोन वर्षांत चंपतराव तापानं गेले. हाक देण्यासारखं काही उरलं नाही.

दिवाळीला सपना आली होती. तिनं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. इचोड्याच्या पुढं जंगलखात्यानं तळ्याकाठी एक पार्क केला होता. राहायला तंबू, फिरायला पायवाटा, पाखरं पाहायला उंच मनोरा. संध्याकाळच्या आभाळात काळ्या ठिपक्यांचा एक ढग वळत होता, ताणला जात होता, पुन्हा गोळा होत होता.

बयनाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. "ह्या भोरड्या होय."

"तुला कसं कळलं, आजी?"

"त्यायची उडायची तऱ्हा मी वळखत नाई का व?" त्या म्हणाल्या. मोबाइल परत देत पुढं म्हणाल्या, "जलमभर सकाळी येतानी पाह्यल्या. सांजच्याले जायच्या. कुठं जातात, थे काई पाह्यलं नाई."

सपनानं लगेच ठरवून टाकलं. जानेवारीत दोघी जाऊ, एक रात्र राहू. तिनं फोनवरूनच तंबू राखून ठेवायला सांगितला. बयनाबाईंनी तेव्हापासून तीन महिने दिवस मोजले, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

ठरलं होतं असं की सपना आदिलाबादच्या स्टँडवर भेटेल. स्टँडवर ती दिसली नाही. फोन केला तर म्हणाली, तू पुढं हो, मी मागच्या गाडीनं येते. बयनाबाई दुसऱ्या बसमध्ये बसल्या, सागाचं रान सुरू झालं, फाट्यावर उतरल्या आणि अर्धा कोस चालून पार्कच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा फोन वाजला.

"आजी, रागावू नको. आमचं प्रॅक्टिकल उद्यावर घेतलं. आत्ताच नोटीस लागली. मला नाही येता येणार."

बयनाबाईंनी फाटकाकडं पाहिलं. "मी पोचली ना व."

"मग परत जा ना. पुढच्या महिन्यात जाऊ आपण. नक्की."

"हो," बयनाबाई म्हणाल्या. फोन बंद केला. फाट्यावर थांबणारी परतीची बस सकाळीच येऊन गेली होती, दुसरी उद्या. चालत परत फाट्यापर्यंत जाता आलं असतं, हात दाखवून एखादी गाडी थांबवता आली असती. फाटकाच्या पलीकडं, झाडांच्या फटीतून, पाण्याचा एक पांढरा पट्टा दिसत होता. त्या तशाच उभ्या राहिल्या.

फाटकावर रजिस्टर घेऊन बसलेला माणूस उठून आला. तिशीचा असेल, अंगात खाकी जॅकेट, गळ्यात शिट्टी. तो तिथला वाटाड्या, रविकांत. बोलण्यावरून जैनद गावाकडचा मराठी निघाला.

"तंबू सपनाच्या नावानं हाये. दोन माणसं," तो म्हणाला. "दुसरं कोण?"

"थे नाई येत. मीच हाय."

रविकांतनं पेन थांबवलं. "मावशी, एकटं राहसान तुमी? इथं फॅमिलीवाले येतात, नाई तर पोरायचे ग्रुप. बाई माणूस एकटं आजलोग नाई आलं."

"घरी बी एकटीच राह्यते ना, बाप्पा. घराले कुलूप लावून आली एवढंच."

त्यानं रजिस्टरात सपनाचं नाव खोडलं.

तंबू हिरव्या कापडाचा, सिमेंटच्या ओट्यावर ठोकलेला. आत दोन लोखंडी खाटा, दोन उशा, दोन घडी घातलेली ब्लँकेटं. बयनाबाईंनी पिशवी एका खाटेवर ठेवली. मग उचलून दुसऱ्या, सपनाच्या खाटेवर ठेवली, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही.

तिसऱ्या प्रहरी रविकांत सगळ्यांना पायवाटेनं घेऊन निघाला. हैदराबादची दोन जोडपी होती, त्यांची मुलं होती, एक मोठा कॅमेरा घेतलेला तरुण होता, आणि सगळ्यांच्या मागं मफलर गुंडाळलेले, सत्तरीकडं झुकलेले एक गृहस्थ. त्यांच्या गळ्यात जुनी दुर्बीण होती. ते कोणाशी बोलत नव्हते. बयनाबाई त्यांच्याही मागं.

निघताना रविकांतनं तेलुगूत, मग हिंदीत, मग बयनाबाईंकडं पाहून मराठीत सांगितलं, "मोठ्यानं बोलाचं नाई. जनावर पाह्यलं तरी ओरडाचं नाई. थे आपल्याले पाहाले नाई आले, आपण त्यायले पाहाले आलो."

वाट सागातून उतरत तळ्याकडं गेली. पानं वाजू नयेत म्हणून सगळे पाय जपून टाकत होते. एका वळणावर रविकांतनं हात वर केला. पन्नास पावलांवर रोही, नीलगायीचा नर, उभा होता. निळसर काळा, मानेला केसांचा झुपका. हैदराबादच्या मुलांनी श्वास रोखला. कॅमेऱ्याची टिकटिक झाली.

बयनाबाईंचा हात आपोआप तोंडाकडं गेला. रोही दिसला की डबे वाजवायचे, हाका मारायच्या, दगड घ्यायचा, हे हाडात गेलेलं. एका रात्रीत अर्ध्या एकरातला हरभरा फस्त करणारं जनावर, आणि इथं माणसं त्याच्यापुढं देवळातल्यासारखी उभी होती. त्यांनी पदर तोंडात धरला. रोह्यानं मान वळवून सगळ्यांकडं पाहिलं आणि निवांत चरत निघून गेला. त्याला इतक्या जवळून, इतका वेळ, न पळता उभा राहिलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. पापण्या लांब होत्या त्याच्या.

पुढं चितळं दिसली, अस्वलानं उकरलेलं वारूळ दिसलं. रविकांत सांगत होता, लोक विचारत होते. बयनाबाईंनाही खूप काही ठाऊक होतं. कोणत्या पाखराचं घरटं कुठल्या झाडावर, टिटवी कशासाठी ओरडते. पण विचारणार कोण आणि सांगायचं कोणाला? मुलांचे आईबाप मुलांना दाखवत होते, नवरे बायकांना. सपना असती तर तिचा हात धरून हळूच कानात सांगता आलं असतं.

सूर्य खाली गेला तसे सगळे मनोऱ्यावर चढले. तळं मोठं होतं. पाणी उतरलेलं, काठाला गाळाचं रुंद मैदान आणि एका अंगाला पाणकणसाचं दाट बेट. आधी दहावीस भोरड्या आल्या. मग शेदोनशे. मग बेल्याच्या दिशेकडून, रानाच्या वरून, एक लांब काळी रेघ आली. रेघेत रेघ मिसळत गेली आणि आभाळात तो ढग तयार झाला. तो डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज झाला, सूपभर धान्य पाखडावं तसा. ढग दोनदा पाण्यावर वाकला, तिसऱ्यांदा सगळा पाणकणसात ओतला गेला आणि बेट किलबिलाटानं उकळायला लागलं.

"कुठून येतात ह्या?" बयनाबाईंनी हळूच विचारलं.

"लांबून लांबून," रविकांत म्हणाला. "दिवसभर चराले तीस-चाळीस किलोमीटर जातात. झोपाले इथं."

थंडी वाढली तशी मंडळी चहाला खाली उतरली. बयनाबाई थांबल्या. मफलरवाले गृहस्थही कठड्याला हात टेकून उभे होते. बेटातला गलबला हळूहळू कमी होत होता. परक्या माणसाशी आपण होऊन बोलायची बयनाबाईंना सवय नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "ह्या भोरड्या आमचं वावर खायच्या, भाऊ. मी पोरपणापासून हाकलल्या. ह्या इथं झोपत असतील असं मले वाटलंच नाई."

गृहस्थ समोर पाहत राहिले. त्यांनी मानही वळवली नाही. थोड्या वेळानं दुर्बीण पुसली आणि जिना उतरून गेले.

बयनाबाईंना कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. आपल्या बोलण्याला उत्तर देण्याइतकी आपली किंमत नसावी. जेवताना त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या. स्वयंपाक करणाऱ्या पंचफुलाबाईंनी आग्रहानं वरण वाढलं, पण भाकरी फारशी गेली नाही. तंबूत येऊन त्यांनी दोन्ही ब्लँकेटं अंगावर घेतली आणि भिंतीकडं म्हणजे कापडाकडं तोंड करून निजल्या. उद्या पहिल्या गाडीनं घर गाठायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

सकाळी तंबूची चेन उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. इतकं धुकं की समोरचा ओटा दिसत नव्हता. तळं, मनोरा, झाडं सगळं गेलं होतं. कुठंतरी जवळच माणसांची धावपळ ऐकू येत होती. त्या आवाजाच्या रोखानं चालत त्या काठाजवळच्या चौथऱ्याशी आल्या.

रविकांत शिट्टी फुंकत होता. फुंकत होता, थांबून कान देत होता, पुन्हा फुंकत होता. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" बयनाबाईंनी पंचफुलाबाईंना विचारलं.

"थे मफलरवाले, भैंसा गावचे उद्धवराव. म्हातारे. उजाडाच्या आंधी एकटेच उठून खाली गेले. हंस पाहाले. धुकं अचानक उतरलं. दीड घंटा झाला."

काठापासून पाण्यापर्यंत अर्धा किलोमीटर गाळ होता. वरून सुकलेला दिसे, पण जागोजागी फसण होती. गेल्या उन्हाळ्यात एक म्हैस त्यात रुतून मेली होती. फोन लागत नव्हता. रविकांतनं दोनदा हाका मारल्या. सर्दीनं त्याचा गळा बसलेला, आवाज धुक्यात दहा पावलांवर विरत होता. कॅमेरावाला तरुणही चौथऱ्यावर येऊन थांबला होता, धुकं हटायची वाट पाहत.

"शिटी तं कोसभर जाते," रविकांत म्हणाला. "उत्तर काऊन देत नसतील?"

जो तो मनात म्हणत होता ते कोणाला तोंडानं म्हणायचं नव्हतं.

बयनाबाई पुढं झाल्या. "मी हाक देऊ का?"

रविकांतनं त्यांच्याकडं पाहिलं. काल ज्या बाईनं दिवसभरात दहा शब्द उच्चारले नव्हते, ती विचारत होती. त्यानं मान डोलावली.

बयनाबाईंनी पदर खोचला, दोन्ही तळवे तोंडाच्या कडेला धरले. पहिली हाक फाटली. खोकला आला. आठ वर्षांत त्यांनी एवढा श्वासच घेतला नव्हता. दुसरी थोडी पुढं गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय रोवले, डोळे मिटले, आणि हाक पोटातून उठली. "होऽऽऽ… हाऽऽऽ… होऽऽऽ…" जाड, लांब, वळण न घेता सरळ जाणारी.

धुक्यात एकदम खळबळ झाली. पाण्यावरून पंखांचे आवाज उठले. बदकं, करकोचे, हंस, न दिसणारी सगळी पाखरं ओरडत उडाली. पाणकणसातून भोरड्यांचा लोट डोक्यावरून निघून गेला. कॅमेरावाल्या तरुणानं कपाळाला हात लावला. "आंटी ने सब उड़ा दिया," तो शेजाऱ्याला म्हणाला.

ते बयनाबाईंनी ऐकलं. क्षणभर त्या थांबल्या.

"थांबू नोका, मावशी," रविकांत म्हणाला.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. एक हाक, मग दहा मोजेपर्यंत शांतता, मग पुन्हा हाक. तोंड कधी उजवीकडं, कधी डावीकडं. पंचफुलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला, दोन घोट घेऊन त्या परत उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कळलं नाही. गळ्याला आग लागली होती. मग रविकांतनं त्यांच्या दंडाला धरलं आणि बोट दाखवलं. धुक्यात राखाडी रंगाची एक आकृती होती. ती थांबे, मान वाकडी करी, दोन पावलं टाकी, पुन्हा थांबे.

"हाक द्या, अजून द्या," रविकांत कुजबुजला आणि आकृतीकडं धावला.

उद्धवराव मांड्यांपर्यंत चिखलानं भरले होते. एक बूट गेला होता. हातापायांना कंप सुटलेला. त्यांना चुलीपाशी आणून बसवलं, घोंगडी पांघरली, पंचफुलाबाईंनी कपभर चहा हातात धरून पाजला. रविकांत त्यांच्या कानाजवळ वाकून ओरडून म्हणाला, "एवढी शिटी फुंकली, उत्तर काऊन नाई दिलं, भाऊ?"

"शिटी मले ऐकू येत नाई," उद्धवराव म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षं ते भैंस्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आत इतका गलका की माणसं हातवाऱ्यांनी बोलत. तिथंच कान गेले. बारीक आवाज आधी गेले. शिट्टी, फोनची घंटी, पाखरं. मग माणसांची बोलणी; मोठा, जाड आवाज तेवढा अजून थोडा पोचे. कानाला मशीन लावून पाहिलं, डोक्यात नुसती घरघर होई. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी सुनयना पुण्याला असते, ये म्हणते. दरवर्षी थंडीत ते एकदा इथं येत, कारण पाहायला कान लागत नाहीत.

"गाळात पाय रुतला तं तिथंच उभा राह्यलो," ते म्हणाले. "कुठं जाव कळेना. मंग काईतरी आलं. आंधी वाटलं भासच. ह्या उजव्या कानाले जास्त येत होतं. जिकडं जास्त, तिकडं पाय टाकला. थांबलं की मीबी थांबो." त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "कोण होतं?"

रविकांतनं बयनाबाईंकडं बोट केलं. त्या चुलीच्या पलीकडं खाली मान घालून बसल्या होत्या. गळा इतका बसला होता की बोलणं घोगरं येत होतं.

उद्धवराव त्यांच्याकडं पाहत राहिले. "बाई, दहा वर्षांत इतक्या लांबून मले कोणी बोलावलं नाई."

बयनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काल सांजच्याले मी तुमाले बोलली होती. मनोऱ्यावर. तुमी काईच म्हणले नाई."

"काल?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची शरम आली. "मले नाई समजलं. काय म्हणले होते?"

"जाऊ द्या."

"नाई, सांगा. असे समोर बसून सांगा. तोंड पाह्यलं की समजते मले."

तेव्हा बयनाबाई समोर सरकल्या आणि सांगू लागल्या. भोरड्यांपासून सुरुवात केली, मग मचाण आलं, बाप आला, गोफण, ज्वारीचे हंगाम, नदीकाठी औत हाणणारे चंपतराव, मग कापूस. गळा दुखत होता तरी थांबल्या नाहीत. उद्धवराव त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते. एखादा शब्द सुटला की हात वर करत आणि त्या तो पुन्हा म्हणत. पंचफुलाबाई कणीक मळता मळता ऐकत होत्या. धुकं उठलं, तळ्यावर ऊन पडलं, पण बराच वेळ कोणाचं तिकडं लक्ष गेलं नाही.

कॅमेरावाला तरुण जाताना येऊन "सॉरी आंटी" म्हणाला. बयनाबाईंनाही वाईट वाटलं होतं. "तुमची पाखरं मी उडवली, बाबू," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "सांजच्याले येतील परत. थांबा." पण त्याला थांबता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी भैंस्याहून उद्धवरावांचा पुतण्या जीप घेऊन आला. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात पंचफुलाबाईंच्या नवऱ्याची चप्पल घालून उद्धवराव जीपमध्ये चढले. बयनाबाई फाटकापर्यंत गेल्या. दोघांनी हात जोडले. काचेतून ते काहीतरी म्हणाले; इंजिनाच्या आवाजात बयनाबाईंना ते ऐकू आलं नाही.

सकाळची बस निघून गेली होती, म्हणून रविकांतनं त्यांना फाट्यावर एका गाडीत बसवून दिलं. घरी पोचल्यावर कुलूप काढलं, दिवा लावला. जीवनचा फोन आला. सपनाकडून त्याला कळलं होतं. "आई, एकटी काऊन राह्यली तिथं? काई झालं असतं म्हणजे?" त्या म्हणाल्या, काही झालं नाही. मग त्यांनी धुक्याची गोष्ट सांगायला घेतली, पण त्याची खाणीवर जायची वेळ झाली होती. सपनानं विचारलं, फोटो काढलेस का? फोटो काढले नव्हते. महिपतला बांधावर गाठून सांगितलं, तर तो "असं का?" म्हणाला आणि फवारणीच्या पंपाकडं वळला. गोष्ट त्यांच्याजवळच राहिली. कधी भांडी घासताना त्यातला एखादा तुकडा त्या स्वतःशीच पुटपुटत.

मात्र पुढच्या जानेवारीत त्या कोणाची वाट न पाहता गेल्या. रविकांतनं रजिस्टरात एकच नाव लिहिलं आणि एका खाटेचा छोटा तंबू दिला. संध्याकाळी मनोऱ्यावर त्यानं लोकांना सांगितलं की ह्या मावशींना भोरड्यांची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. बयनाबाईंनी चारपाच वाक्यं सांगितली, त्यानं ती तेलुगूत केली. एका लहान मुलीनं विचारलं, मग तुम्ही त्यांच्यावर अजून चिडलेल्या आहात का? बयनाबाईंनी विचार करून "नाई" म्हटलं.

खाली आल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग पंचफुलाबाईंना विचारलं, "भैंस्याचे भाऊ औंदा नाई आले?"

"त्यायची पोरगी पुण्याले घेऊन गेली. दिवाळीपासून तिकडंच हायेत म्हणते. घर बंद हाये."

रविकांतनं हे ऐकलं असावं. रजिस्टरात उद्धवरावांचा मागच्या वर्षीचा नंबर होता. फाटकाजवळ फोन लागे, तिथं त्यांना नेऊन त्यानं नंबर लावला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. पलीकडं सुनयना होती. बयनाबाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"हो हो, बाबा सांगतात तुमच्याबद्दल. देते त्यांना." पलीकडं थोडी खसफस झाली, मग श्वासाचा आवाज. "हॅलो? कोण? हॅलो?"

"मी बयनाबाई, भाऊ. तळ्यावरून."

"हॅलो? आवाज येत नाई. हॅलो?"

बयनाबाईंनी आणखी मोठ्यानं सांगितलं. रविकांत चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. पलीकडं पुन्हा तेच. मग सुनयनाचा आवाज आला. "काकू, फोनवर नाही हो कळत त्यांना. तुम्ही मला सांगा, मी त्यांना समोर बसून सांगते. काय निरोप देऊ?"

एवढ्या लांब फोन लावला आणि सांगायचं तर काय होतं? फाटकातून संध्याकाळचं तळं दिसत होतं. पावसाळा चांगला झाला होता, पाणी पार झाडांच्या मुळाशी लागलेलं.

"तळ्याले पाणी लय हाये म्हणा औंदा," त्या म्हणाल्या. "गाळ सारा पाण्याखाली गेला. इतकंच सांगा."

"सांगते," सुनयना म्हणाली.

त्यांनी मोबाइल रविकांतला परत दिला, डोक्यावरून शाल घेतली आणि स्वयंपाकघराकडं चालू लागल्या. पंचफुलाबाईंनी त्यांचं ताट वाढून ठेवलं होतं.